कठड्याकडचं की भिंतीकडचं

माती ओली होती.

बोट खुपसलं, तर पेरभर आत गेलं आणि चिखल घेऊन वर आलं. मी पाणी घातलेलं नव्हतं. मुद्दामच घातलं नव्हतं, कारण पाडवा झाला की जाऊबाई कायमच्या पुण्याला जायच्या होत्या, मुलाकडे, आणि त्यांच्याबरोबर यातलं एक झाड जायचं होतं. प्रवासाला निघणारं निवडुंग कोरडं खडखडीत लागतं. मुळाशी ओल ठेवून ते गाडीत कोंडलं, तर पुणं येईपर्यंत त्याचा लगदा होतो.

मी वर पाहिलं. पत्रा शाबूत होता. पावसाचा तर पत्ताच नव्हता. टाकीचा पाइप गळतो की काय म्हणून पत्र्याखाली हात धरून उभी राहिले, एक थेंब पडला नाही. मग पाणी घालतंय कोण?

आधी आमचा सज्जा कसा आहे ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचं घर काशीत, ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत. तिसऱ्या मजल्यावर मी आणि आमचे हे, दुसऱ्यावर जाऊबाई, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या मजल्याला नदीच्या अंगानं एक अरुंद सज्जा आहे. त्याच्या एका टोकाला भिंत, तिथंच देवघराचं दार उघडतं. दुसऱ्या टोकाला लोखंडी कठडा. आणि मध्ये, भिंतीपासून कठड्यापर्यंत आडवी, एक दगडी डोणी. गाईगुरांना पाणी पाजायला असते तसली. तळाला भोकं पाडून घेतलेली.

एवढं धूड वर का चढवलं, तर माकडांपायी. आम्ही दोघी आधी छोट्या छोट्या गमल्यांत निवडुंग लावायचो. माकड यायचं, गमला उचलायचं, हाताला काटे टोचले की चिडायचं आणि गमला खाली गल्लीत भिरकावून द्यायचं. एक गमला घाटावर निघालेल्या एका पंडाजींच्या खांद्याला चाटून गेला. ते खालून ओरडले, "माताजी, नागफनी पालती हो कि बम?" त्यानंतर ही डोणी आणली. ती माकडाच्या बापालाही हलत नाही.

आणि एकत्रच लावायचं ठरलं, तर एकसारखी दिसणारी लावू, असं आम्हा दोघींच्या डोक्यात आलं. त्याला कारण होतं. दिसायला सारखी असतात त्यांची खाण्यापिण्याची तऱ्हाही बहुतेक सारखी असते. एकाला ऊन हवं, दुसऱ्याला सावली, असे नखरे नाहीत. डोणीत चार आहेत. गोल, मुठीएवढी, पांढऱ्या काट्यांनी आणि मधल्या कापसासारख्या लवीनं अशी झाकलेली की खालचं हिरवं दिसतच नाही. नर्सरीवाला चौघांचं एकच नाव सांगतो, मॅमिलेरिया. पण ते नुसतं आडनाव झालं. त्या आडनावाची घरं ढीगभर आहेत. आणि काय होतं, वर्षानुवर्षं एकाच मातीत, एकाच उन्हात वाढवली की होते-नव्हते ते बारीकसारीक फरकही बुजत जातात. एकीचा मधला काटा आणली तेव्हा लांब होता, तो आमच्या उन्हात आखूड झाला. दुसरीची लव कमी होती, ती दाट झाली. पिल्लं घालणाऱ्या जातीही असतात, ह्या त्यातल्या नाहीत. एकेकट्याच राहतात, त्यामुळे एखादं पिल्लू काढून ठेवावं अशी सोय नाही. फरक कळतो तो फुलात. डोक्याभोवती इवल्या फुलांचं कडं येतं. तिघींचं गडद गुलाबी, एकीचं सायीच्या रंगाचं.

ती सायीच्या रंगाची म्हणजे थोरल्या दिरांनी आणलेली.

दीर रेल्वेत होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण घरात बोलायचा तो तारेसारखा. शब्द वाचवून. देवधर्माचं त्यांना वावडं. धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, पूजा करून तीर्थ पुढे केलं की "मला तहान नाही" म्हणून उठून जायचे. बायकोसाठी कधी एक गजरा आणला असेल तर शपथ. तर हे एकदा कामानिमित्त सिलिगुडीकडे गेले आणि येताना चहाच्या मातीच्या कुल्हडात एक निवडुंग घेऊन आले. जाऊबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांच्या पोळपाटाशेजारी ते कुल्हड ठेवलं, "घे" म्हणाले आणि हातपाय धुवायला निघून गेले. एवढंच. पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत, आणि पुन्हा काही आणलंही नाही. जाऊबाईंना निवडुंगाचा नाद लागला तो तिथून, आणि मला लागला तो त्यांच्यामुळं.

पुण्याला जाताना त्यांनी भांडी सोडली, पलंग सोडला, शिवणाचं मशिन सोडलं. मुलाला एकच म्हणाल्या, "ते एक झाड घेईन." आणि झाड कुठलं, तर कठड्याकडच्या टोकाचं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं तिथं लावलं होतं, मला पक्कं आठवतं.

पण मध्यंतरी कठड्याची दुरुस्ती निघाली. तेव्हा जाऊबाई पुण्यात होत्या, मुलाकडे. मजुरांनी डोणी सरकवत सरकवत आत खोलीत नेली, आणि नेताना दारात अडकली म्हणून उलटसुलट फिरवली. ते मी डोळ्यांनी पाहिलं. परत आणून ठेवली तेव्हा मी बाजारात होते. आणताना पुन्हा फिरवली असेल तर सगळं पहिल्यासारखं. नसेल, तर कठड्याकडचं झाड भिंतीकडे आलेलं आणि भिंतीकडचं कठड्याकडे गेलेलं. त्यानंतर नवा पत्रा बसला, ऊन कमी झालं, म्हणून की काय, टोकाच्या दोघी फुलल्याच नाहीत. मधल्या दोघी फुलतात, गुलाबी. म्हणजे दादांचं झाड टोकाच्या दोहोंपैकी एक. कुठलं, हे सांगणारं कुणी नाही. मी जाऊबाईंना हे बोलून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझं आपलं काहीतरीच."

तर अशी ती डोणी, आणि तिच्यात भिंतीकडच्या बाजूला चिखल.

पहिला संशय मला जाऊबाईंचाच आला. त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरलेत. डाव्यानं आकार दिसतात, उजव्यानं तेवढंही नाही. पुण्याला गेल्यावर ऑपरेशन व्हायचं होतं. मला वाटलं, जायच्या हुरहुरीत घालत असतील पाणी, आणि दिसत नाही म्हणून पडत असेल भलत्याच टोकाला. मी खाली गेले. त्या ट्रंकेपुढे बसल्या होत्या.

"वहिनी, डोणीत पाणी घातलंत का?"

"मी कशाला घालू?"

"नाही, माती ओली आहे म्हणून विचारलं."

"म्हणजे मी घातलं म्हणतेस."

"तसं नाही हो..."

"अगं धाकटे, तुला पाणी कधी घालायचं ते मी शिकवलं. आता निघाले तर माझीच परीक्षा घेतेस होय?" त्यांनी ट्रंकेचं झाकण धाडकन लावलं. मी वर आले. इतकी वर्षं एका जिन्यावर काढली आणि आता शेवटच्या चार दिवसांत हे असं.

दुसऱ्या दिवशी डोणीत मुंग्या दिसल्या. काळ्या, बारीक. भिंतीवरून रांग लावून येत होत्या आणि भिंतीकडच्या झाडाच्या बुडाशी नाहीशा होत होत्या. मी वाकले तर आंबूस वास आला. निवडुंगाच्या मातीला आंबूस वास? आणि मुंग्यांना तिथं गोड काय सापडलं? काटे चुकवून झाडाच्या बुडाशी बोट दाबलं. निवडुंग कसं दगडासारखं घट्ट लागतं. हे दबलं.

कुजणं मला ठाऊक आहे. ते मुळाशी सुरू होतं आणि आतल्या आत वर चढतं. बाहेरून झाड टवटवीत, पांढरंशुभ्र, आणि एक दिवस हात लावावा तर नुसतं कातडं. वेळेवर खालचा भाग कापून टाकला आणि वरचा स्वच्छ निघाला, तर तो वाळवून पुन्हा मुळं धरतो. उशीर झाला तर संपलं.

त्याच सकाळी, डोक्यात हेच घेऊन, मी दुधाला निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि डिब्बा घरीच राहिला म्हणून परत फिरले. वर आले तर सज्ज्यात आमचे हे उभे. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात ताम्हन. देवांच्या अभिषेकाचं पाणी अगदी सावकाश, मंत्र पुटपुटत, त्या भिंतीकडच्या झाडावर ओतत होते.

"अहो! हे काय करताय?"

ह्यांनी मंत्र संपवला, मग माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणजे? तीर्थ घालतोय."

"निवडुंगाला?"

"झाड आहे ना?"

आता इथं सांगायला हवं. देवाच्या पूजेचं पाणी आमच्याकडे मोरीत ओतत नाहीत, पायदळी जाईल अशा जागी तर नाहीच. झाडाच्या मुळाशी घालायचं. आमची तुळस खाली चौकात, तिथं हे रोज नेऊन घालायचे. पण थंडीत घाटाच्या पायरीवरून घसरले आणि गुडघा दुखावला. डॉक्टरांनी जिना बंद केला. पूजा सुटली नाही, पण तीर्थाचं काय होतं हे मी कधी विचारलंच नाही. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं पडतं त्या अभिषेकात. मुंग्या येतील नाहीतर काय!

"मला का नाही सांगितलंत? मी नेलं असतं खाली."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू दिवसातून किती वेळा चढतेस-उतरतेस, त्यात अजून एक फेरी." मग ते जरा खूश होऊन म्हणाले, "आणि झाडाला मानवलंय. बघ, चांगलं बाळसं धरलंय."

"बाळसं नाही, अहो, सूज आहे ती! कुजतंय ते!"

ह्यांचा चेहरा उतरला. ताम्हन तसंच हातात धरून ते डोणीकडे बघत राहिले. "देवाच्या पाण्यानं?" असं इतक्या हळू विचारलं की माझा सगळा राग जिरला. मी ताम्हन काढून घेतलं, देवघरात एक बादली ठेवली, म्हटलं यात ओता, मी नेत जाईन. ते खुर्चीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "ते दादाचं तर नाही ना?"

"तेच तर कळत नाही."

"वहिनींना मी सांगेन," म्हणाले. पण उठले नाहीत.

आता माझी कोंडी बघा. झाड माझं असतं तर त्याच मिनिटाला मी पातं चालवलं असतं. वाचलं तर वाचलं. पण दादांचं असलं तर? जाऊबाईंना न विचारता मी त्याच्यावर पातं कशी चालवू? आणि न चालवावं तर आतली कीड प्रत्येक तासाला वर चढणार. त्यात कठड्याकडच्या झाडाला यंदा कळ्या आल्या होत्या, लवीतून नुकत्या डोकं काढणाऱ्या. त्या उमलल्या की निकाल लागणार होता. सायीचा रंग निघाला तर जाऊबाईंचं बरोबर, भिंतीकडचं मेलं तरी माझं मेलं. गुलाबी निघाला तर कुजतंय ते दादांचं. पण कळ्या उमलेपर्यंत थांबायला वेळ होता कुठे?

मी पुन्हा खाली गेले. पुतण्या त्याच सकाळी पुण्याहून येऊन पोचला होता, दोरीनं वळकटी आवळत होता.

"वहिनी, भिंतीकडचं झाड कुजतंय. कापायला हवं."

"मग काप की. तुझं झाड, मला काय विचारतेस?"

"आणि ते तुमचं असलं तर?"

जाऊबाईंचा हात थांबला. पुतण्या म्हणाला, "आई, छोड ना. पुण्यात वैसाच दुसरा घेऊ. नर्सरीत ढेर सारे मिलते हैं."

"तू गप रहा." मग माझ्याकडे वळून, "माझ्या नवऱ्यानं आणलेलं झाड मला ओळखू येत नाही, असं म्हणायचंय तुला?"

"दिसत नाही तुम्हाला, वहिनी."

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले. जाऊबाईंनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठल्या. "चल वर. कळी उमलेपर्यंत मी तिथून हलत नाही. मग बोलू."

वर येऊन त्या कठड्याशी पाट टाकून बसल्या. ऊन चढत होतं. या फुलांचं असं असतं, ऊन डोक्यावर आलं की उमलतात, आणि मळभ आलं तर हट्टानं मिटून राहतात. त्या दिवशी नदीवर धुरकट होतं. मी भिंतीशी बसले, दर थोड्या वेळानं झाडाच्या बुडाशी बोट दाबून बघत. सकाळी जिथं घट्ट लागलं होतं तिथं आता मऊ लागत होतं, की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे. पातं, स्पिरिट, कापूस, सगळं मांडून ठेवलं होतं. मध्ये डोणी, एका टोकाला त्या, एका टोकाला मी. देवघराच्या दारात हे. पुतण्यानं दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा तसाच गार झाला.

"काकू, गाडी उद्याची आहे," तो एकदा म्हणाला. जसं काही आम्हाला ठाऊक नव्हतं.

"कापून टाकू का, वहिनी? तुमचं असो की माझं. नंतर फार उशीर होईल."

"थांब म्हटलं ना."

मग जरा धुरकट निवळलं. उन्हाची तिरीप पत्र्याच्या कडेखालून आत आली आणि कठड्याकडच्या झाडावर पडली. मी उठून जवळ गेले. एक कळी टोकाशी फाकली होती. जाऊबाईंनाही हालचाल कळली. त्या वाकल्या, अगदी नाक काट्यांना टेकेल इतक्या. डोळे मिचकावले. पुन्हा वाकल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला नुसतं फिकट दिसतंय. रंग कुठला आहे?"

पुतण्या चहाचे कप ठेवायला खाली गेला होता. ह्यांना दारातून दिसणं शक्य नव्हतं. बघणारी मी एकटी.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं. सायीचा, म्हणून टाकावं. बाई सुखानं गाडीत बसेल. झाड घट्ट आहे, निरोगी आहे, पुण्यात वाढेल. भिंतीकडचं हातात येईल की नाही याचा भरवसा नाही. ऑपरेशन होऊन नजर येईपर्यंत हे फूल गळून जाईल, आणि पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. सगळं कसं सोपं होतं. पण त्या तशाच वाकून, कान माझ्याकडे करून बसल्या होत्या. भाजी शिजली का, पाऊस आलाय का, हे गेली दोन वर्षं त्या मला विचारतात आणि मी सांगते तसं धरून चालतात.

"गुलाबी," मी म्हटलं.

"नीट बघ."

"गुलाबीच आहे, वहिनी. गडद."

त्या सरळ झाल्या. पदरानं तोंड पुसलं. मग हातानं डोणीचा काठ चाचपत चाचपत भिंतीकडे सरकल्या आणि त्या झाडाशी येऊन थांबल्या. बोटांनी बूड दाबलं. त्यांच्या बोटांना सगळं कळतं. "हे तर खालून गेलं," म्हणाल्या. "कशानं गेलं?"

मी काही बोलायच्या आत ह्यांचा आवाज आला. "माझ्यामुळं, वहिनी. मी तीर्थ घालत होतो रोज."

जाऊबाईंनी मान वळवली. मला वाटलं आता काही खरं नाही. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "जन्मभर त्यांना एक थेंब तीर्थ पाजता आलं नाही तुम्हाला. मेल्यावर बरं गाठलंत!" ह्यांना हसावं की रडावं कळेना. मलाही. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. "बघत काय बसलीस? आण ते पातं. मी धरते."

जुना टॉवेल चार पदरी करून त्यांनी झाड धरलं आणि उपटलं. मुळं हातात आलीच नाहीत, मातीतच राहिली. मी पातं स्पिरिटनं पुसलं आणि बुडापासून एक चकती काढली. तपकिरी. सगळीच. वास आला.

"आहे?"

"आहे."

पुन्हा पातं पुसलं. दर वेळी पुसावं लागतं, नाहीतर पात्यावरची कीड वरच्या भागाला लागते. दुसरी चकती. कडा हिरवी निघाली, पण मध्ये तपकिरी भोवरा.

"आता?"

"कमी आहे. पण आहे."

तिसरी. पुतण्या येऊन मागं उभा होता. "काकू, अब क्या बचेगा इसमें," असं पुटपुटला, आणि आईनं न वळता त्याला कोपरानं ढोसलं. भोवरा लहान होत होता, पण झाडही लहान होत होतं. मुठीएवढं होतं ते आवळ्याएवढं झालं. पुढच्या चकतीला तपकिरी ठिपका मोहरीएवढा राहिला. मोहरीएवढा असला तरी तो असतोच. तेवढा ठेवला तरी तो पुढं सगळं खातो. आणखी एक चकती काढली तर वर उरणार होती टोपी, नुसती टोपी, पांढऱ्या काट्यांची. मी पातं टेकवलं आणि तसंच वर उचललं.

"काय झालं?"

"अजून एक काढली तर फार थोडं राहतं."

"आणि नाही काढली तर?"

"तर काही राहत नाही."

"मग विचारतेस काय."

मी कापलं. कापलेल्या तोंडावर पांढऱ्या चिकाचे थेंब उमटले, त्यामुळं दिसेना. कापसानं टिपलं. भिंग आणून, उन्हाकडे धरून पाहिलं. सगळीकडे फिकट हिरवं. मध्येही.

"स्वच्छ आहे."

"पुन्हा बघ."

पुन्हा पाहिलं. "स्वच्छ आहे, वहिनी."

त्यांनी टॉवेल माझ्या हाती दिला आणि तेव्हा कुठे पाट ओढून नीट बसल्या. तळहाताला काटे घुसले होते, ते मी चिमट्यानं काढत बसले. त्या मध्येच म्हणाल्या, "धाकटे, तू सायीचा म्हणाली असतीस तर मी मानलं असतं." मी चिमटा चालू ठेवला. आमचे हे आत गेले आणि स्वयंपाकघरातून दालचिनीची पूड घेऊन आले. कापलेल्या तोंडाला ती लावतात, हे त्यांनी कधीतरी माझ्या बडबडीत ऐकलं असणार.

ती टोपी स्टीलच्या उघड्या डब्यात, कोरड्या कागदावर बसून पुण्याला गेली. बनारसच्या स्टेशनावर जाऊबाईंनी डबा कुणाच्या हाती दिला नाही. शेजारच्या बायका म्हणत होत्या, या वयात काशी सोडून कोण जातं? त्यांना त्या म्हणाल्या, "मी कुठं जाते, हेच निघालेत, मी नुसती सोबत." मी खिडकीशी उभी राहून सूचना देत होते: तोंड सुकून चामड्यासारखं होऊ द्या, मग कोरड्या वाळूवर नुसतं ठेवा, पाणी घालू नका, झाकू नका, आणि मुळं फुटली का म्हणून उचलून बघू नका. उचललं की फुटू पाहणारं मूळ मोडतं. गाडी हलली तरी माझं चाललंच होतं.

त्या रोज उचलून बघायच्या. रोज फोनवर कबूल करायच्या आणि रोज मी चिडायची. वैशाख गेला, ज्येष्ठ निम्मा गेला. टोपी आक्रसत चालली होती, काटे एकमेकांत रुतले होते, हे त्या बोटांनी चाचपून सांगायच्या. मध्ये डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि त्या म्हणाल्या की दिसायला लागल्यापासून आणखीच भीती वाटते, फार बारीक झालंय गं ते. मी ह्यांना काही सांगत नव्हते. हे रोज पूजा झाली की बादली माझ्याकडे द्यायचे आणि विचारायचे, "काय म्हणतंय पुणं?" मी म्हणायची, "गरम होतंय."

मग एका सकाळी फोन आला. मी उचलला, तर नेहमीची विचारपूस नाही, काही नाही.

"अगं धाकटे, आज उचलायला गेले..."

"पुन्हा! वहिनी, किती वेळा सांगायचं तुम्हाला..."

"ऐक तरी. उचलायला गेले, तर सुटेना गं. धरून बसलंय."